खोक्यावरचे आंकडे

माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. पस्तीस वर्षें शाळेंत गणित शिकविलें, एवढ्याच अधिकारावर आज मी संगणकाच्या पडद्याविषयीं, म्हणजे मॉनिटरविषयीं, बोलणार आहें.

निमित्त घरगुतीच आहे. वडिलांच्या हातच्या तीन वह्या संगणकावर उतरवून घेण्याचें काम मीं निवृत्तीनंतर हातीं घेतलें. लॅपटॉपचा लहान पडदा डोळ्यांस सोसेना, म्हणून मोठा मॉनिटर घ्यावयास गेलों. दुकानांत बसलेला गृहस्थ माझाच जुना विद्यार्थी निघाला. "गुरुजी, डोळ्यांचा प्रश्न आहे ना? मग सत्तावीस इंची घ्या," असें तो म्हणाला, मीं घेतला. पहिली वही उतरून झाल्यावर पानें ताडून पाहिलीं, तों अनुस्वार जागोजाग सुटलेले. वडिलांच्या लेखनांत शब्दागणिक टिंब. आणि पडद्यावर 'तें' व 'ते' मला एकसारखेच दिसत होते.

चष्मा बदलण्यापूर्वीं मी खोक्याकडे वळलों. सत्तावीस इंच हें माप कर्णाचें असतें; रुंदीचें नव्हे, उंचीचेंही नव्हे. म्हणूनच ५ : ४ प्रमाणाचा जुना १७ इंची पडदा सुमारें साडेदहा इंच उंच भरतो, आणि १६ : ९ प्रमाणाचा साडेअठरा इंची मात्र नऊच इंच! दुसरा आंकडा होता १९२० × १०८०. हे पडद्यावरील आडव्या-उभ्या ठिपक्यांचे. त्यांस पिक्सेल म्हणतात. आतां पायथागोरसचा सिद्धांत आठवावा. दोन्ही संख्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलें, कीं कर्णावर सुमारें २२०३ ठिपके येतात. त्यांस २७ नीं भागलें तर इंचास ८२ पडतात. तेच ठिपके २४ इंची पडद्यावर असले तर इंचास ९२. आणि २७ इंचांतच २५६० × १४४० ठिपके असले, तर १०९. माझ्या पडद्यावरील एकेक ठिपका तीन दशांश मिलिमीटरहून किंचित् मोठा होता. बारीक अक्षरांत मात्रा आणि अनुस्वार यांस वेगळे राहण्यापुरती जागाच उरत नव्हती. ठिपके तेवढेच ठेवून पडदा वाढविला, तर ठिपका तेवढा वाढतो. आयुष्यभर मुलांकडून भागाकार करवून घेतले, आणि खरेदीच्या वेळीं स्वतः एकही केला नाहीं!

खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला आंकडा कॉन्ट्रास्टचा होता: एक कोटीस एक. हा 'डायनॅमिक' नांवाचा प्रकार. काळोखाच्या दृश्यांत मागचा दिवा मंद करावयाचा, उजेडाच्या दृश्यांत प्रखर, आणि त्या दोहोंची तुलना छापावयाची. एकाच पानावरील काळ्यापांढऱ्यांत तेवढा भेद कधींच नसतो. पाहावयाचा तो 'स्टॅटिक' आंकडा: आयपीएस पॅनेलचा सामान्यतः हजारास एक, व्हीए पॅनेलचा तीन हजारांच्या आसपास. वाचनास हजार पुरतात. शिवाय आयपीएस बाजूनें पाहिला तरी रंग फारसे बदलत नाहींत, म्हणून मला तो बरा वाटतो. एका मिलिसेकंदाची बढाई खेळ खेळणाऱ्या मुलांस सोडून द्यावी. पान सरकवितांना १०० हर्ट्‌झ ६० पेक्षां सुखावह वाटतात, हें खरें. परंतु त्यापायीं ठिपक्यांत कसर करूं नये. बैठक वरखालीं होते कीं नाहीं, हें मात्र आवर्जून विचारावें. माझी होत नाहीं; तिच्याखालीं तूर्त शब्दकोशाचे दोन खंड आहेत.

सत्तावीस इंची आतां नातवाकडे गेला. तो लांब बसून क्रिकेट पाहतो. त्याचें टिंबावांचून अडत नाहीं. दुसऱ्या खेपेस मीं वहीचें एक पान पेन ड्राइव्हवर घालून दुकानांत नेलें, तेवढ्याच ठिपक्यांचे २७ व २४ इंची पडदे शेजारीं लावविले आणि दोहोंवर अक्षर सारख्याच उंचीचें करवून घेतलें.

"अरे, अनुस्वार कोणत्यावर स्पष्ट दिसतो?"

त्यानें वाकून पाहिलें. "धाकट्यावर, गुरुजी."

धाकटाच घरीं आणला. पहिली वही पुन्हां आरंभापासून तपासत आहें.