बंद पडलेली गाडी आणि बिघडलेली गाडी

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या सोसायटीच्या ज्येष्ठ सभासद मेळाव्यात केलेले भाषण)



बँकेत नोकरी केलेल्या माणसाला भाषणाला उभे केले की तो मुदत ठेवीवर बोलणार, अशी सगळ्यांची खात्री असते. आज मी त्यातले काही बोलणार नाही. आज बोलायचे आहे ते आपल्या पार्किंगमधल्या जुन्या मोटरसायकलींबद्दल. कारण आपल्याला माहीतच आहे. सूचना फलकावर नोटीस लागली आहे: ‘बंद अवस्थेत उभी असलेली वाहने हटवावीत, अन्यथा वार्षिक सर्वसाधारण सभेत निर्णय घेण्यात येईल.’ नोटीस रास्त आहे. जागा कमी, गाड्या जास्त. पण त्या नोटिशीतल्या ‘बंद’ या शब्दावर मला थोडे बोलायचे आहे.

माझी पहिली मोटरसायकल राजदूत 175. तिचे मूळ डिझाइन पोलंडचे, आपल्याकडे ती एस्कॉर्ट्स कंपनी बनवत असे. ‘बॉबी’ सिनेमात दिसली ती छोटी राजदूत वेगळी, आमची साधी, दूधवाल्यांची. 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, त्यानंतर दोनेक वर्षांनी माझी बदली अहेरीकडच्या एका शाखेत झाली. तेव्हा एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची कर्जे जोरात होती. कुणाला बैलजोडी, कुणाला शेळ्या. कर्ज दिले की बैल खरंच घेतला का, हे पाहायला गावात जावे लागे. एस.टी. दिवसातून एक-दोनदा यायची, तीही पावसाळ्यात नाल्याला पाणी आले की यायची नाही. आलापल्ली ते सिरोंचा हा रस्ता सुमारे शंभर किलोमीटरचा, आणि दोन्ही बाजूंना सागवान. त्या रस्त्यावर गाडी थांबली तर मिस्त्री कुठून आणणार?

म्हणून निघण्याआधी अहेरीच्या एका मिस्त्रीकडून मी मुद्दाम चार दिवस शिकून घेतले. त्यांचे पहिले वाक्य अजून कानात आहे. ‘साहेब, गाडी बंद पडली म्हणजे बिघडली असं नसते बाप्पा. तिले काहीतरी मिळून नाही राहिलं. काय मिळून नाही राहिलं, ते पहिले पाहा. मशीन मंग खोला.’

चाळीस वर्षे झाली, यात मला भर घालावी असे काही सापडले नाही. इंजिनला तीन गोष्टी लागतात. पेट्रोल, ठिणगी आणि हवा. हवेत जळलेला धूर बाहेर जाण्याची वाटही आली. या तिन्हींची तपासणी त्याच क्रमाने करायची, कारण तो क्रम स्वस्तापासून महागाकडे जातो. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्लग बदलला, जेट साफ केला, पॉइंट घासले, सगळे एकदम केले आणि गाडी सुरू झाली, तर दोष कशात होता ते कळतच नाही. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बँकेत ताळेबंद जुळला नाही की आम्ही एकेक नोंद तपासायचो, सगळे खाते पुसून नव्याने लिहीत नव्हतो. तसेच हे.

आता एकेक सांगतो.

पहिले पेट्रोल. कॉक उघडा, कार्बोरेटरकडे जाणारा पाइप काढून तो बाटलीत सोडा. धार सरळ आली तर टाकी आणि कॉक ठीक. थेंबथेंब आले तर टाकीचे झाकण उघडून पाहा. झाकण उघडताच धार वाढली, तर झाकणाला हवा जाण्यासाठी जे बारीक छिद्र असते ते बुजलेले आहे. भामरागडच्या रस्त्यावर एकदा ऐन पावसाळ्यात माझी गाडी दर दोन किलोमीटरला थांबत होती. थोडे उभे राहिले की पुन्हा सुरू. सोबत शाखेचा शिपाई होता, तिकडच्याच एका माडिया गावचा. झाकण उघडले तेव्हा ‘फुस्स’ असा आवाज झाला, तो त्याने ऐकला आणि म्हणाला, ‘साहेब, इच्या तोंडात चिखल गेला.’ बाभळीच्या काट्याने छिद्र मोकळे केले आणि अंधार पडायच्या आत गाव गाठले. त्या दिवशी इंजिनला हात लावायची गरजच पडली नाही.

धार झाकण उघडूनही बारीक असेल तर कॉकमधली जाळी पाहा. धार चांगली असूनही गाडी सुरू होत नसेल तर कार्बोरेटरची खालची वाटी काढा. तळाशी गंज, कचरा, कधी पाण्याचे गोल गोल थेंब दिसतील. जेटच्या छिद्रात फुंकर मारा किंवा पंपाची हवा द्या. तार घालू नका. जेट पितळेचा असतो, छिद्र केसभर जरी मोठे झाले तरी गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते.

दुसरी ठिणगी. प्लग काढा आणि आधी तो नीट पाहा. प्लग म्हणजे गाडीचे पासबुक आहे, मागचे सगळे व्यवहार त्यात दिसतात. कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल येते, पेटत नाही. काळा, काजळीचा असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त होते आहे, नाहीतर एअर फिल्टर कोंडला आहे. चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचा असेल तर तब्येत उत्तम. पांढरा पडला असेल तर इंजिन जास्त तापते आहे, कुठूनतरी फुकटची हवा आत शिरते आहे.

मग प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनला टेकवा आणि किक मारा. निळी, कडक, ‘टक टक’ आवाजाची ठिणगी हवी. पिवळी, मरगळलेली असेल तर जुन्या गाडीत बहुधा पॉइंट काळे पडलेले असतात. बारीक पॉलिश पेपरने हलके घासा, स्वच्छ कापडाने पुसा आणि फिलर गेजने अंतर लावा. राजदूतला मी 0.4 मिलिमीटर ठेवत आलो. पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील तर कंडेन्सर बदला. आणि एक खूण लक्षात ठेवा: गाडी थंड असताना छान चालते, दहा-पंधरा किलोमीटरवर गरम झाली की थांबते, अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होते, असे असेल तर कॉइल किंवा कंडेन्सरवर पहिला संशय घ्या. आपल्या चंद्रपूरच्या मे महिन्यात, पारा 45 च्या वर असताना, हा दोष हटकून वर येतो.

इथे एक ताकीद. ठिणगी तपासताना जवळ पेट्रोलची बाटली, पेट्रोलचा बोळा काही नको. प्लगच्या भोकापासूनही प्लग दूर धरा, तिथून पेट्रोलची वाफ येते. बाजूला वाळूची बादली ठेवा.

तिसरी हवा. एअर फिल्टर काढून पाहा. आपल्याकडे कोळशाची आणि सिमेंटची धूळ कमी नाही. उभ्या गाडीत आणखी एक पाहुणी येते, कुंभारीण. सायलेन्सरच्या तोंडात मातीचे घर करून ठेवते. टू-स्ट्रोक गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळीही साचते. मग गाडी सुरू होते पण ओढत नाही, चढावर दम टाकते.

हे तिन्ही ठीक असून गाडी सुरू होत नसेल, तर प्लगच्या भोकावर अंगठा दाबा आणि कुणालातरी किक मारायला सांगा. अंगठा जोराने ढकलला गेला तर इंजिनात दम आहे. नाही ढकलला गेला तर पिस्टन, रिंग, ऑइल सील यांचे काम. ते घरी करू नका. मिस्त्रीकडे जा, पण जाताना काय काय तपासले ते सांगा. तुमचाही खर्च वाचतो आणि त्याचाही वेळ.

मंडळी, इतक्या वर्षांत माझ्या हातून गेलेल्या गाड्यांचा हिशेब केला तर एक गोष्ट दिसते. जुनी गाडी चालून झिजते, पण उभी राहून त्याहून लवकर खराब होते. पेट्रोल आटून जेटमध्ये डिंकासारखे बसते. टाकीला आतून गंज चढतो. रबर कडक होते. उंदीर वायर कुरतडतात. त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, वॉशर त्यासाठी बनलेलेच नाहीत. तेव्हा पाइप आणि वॉशर नवे घाला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. हे मोकळ्या जागेत करा. बंद गॅरेजमधला धूर जीव घेतो. आणि पंधरा दिवसांतून एकदा तरी तिला दहा किलोमीटर फिरवून आणा.

आता मुद्द्यावर येतो. आपल्याच सोसायटीतल्या एका वहिनींच्या यजमानांची मोटरसायकल नऊ वर्षे ताडपत्रीखाली उभी होती. ते गेले, तेव्हापासून कुणी हात लावला नाही. नोटीस लागल्यावर भंगारवाल्याने किलोने भाव सांगितला. त्यांच्या नातवाने मला विचारले, ‘आजोबा, एकदा पाहता का?’ आम्ही दोघे तीन रविवार बसलो. पहिल्या रविवारी जुने पेट्रोल डब्यात काढले, गटारात नाही, टाकी आणि कॉक धुतले. प्लगच्या भोकातून चार थेंब ऑइल सोडून इंजिन हाताने हळूहळू फिरवले. फिरले, म्हणजे जाम नव्हते. दुसऱ्या रविवारी कार्बोरेटर. तिसऱ्या रविवारी पॉइंट. पोराने किक मारली, सातव्या-आठव्या किकला गाडी सुरू झाली. पांढरा धूर निघाला आणि तो आवाज जिन्यातून वर गेला. वहिनी खाली आल्या, बोलल्या काही नाहीत. पदराने टाकीवरची धूळ पुसली आणि वर गेल्या. संध्याकाळी त्यांनी भंगारवाल्याला नाही म्हणून कळवले.

सुरू झाली म्हणजे रस्त्यावर आणली असे मात्र आम्ही केले नाही. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ते पाहून दोन्ही टायर बदलले, ब्रेक शू नवे घातले. जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असायचे, म्हणून ती धूळ फुंकायची नाही, ओल्या कापडाने पुसायची. विमा, प्रदूषण प्रमाणपत्र, वारसाच्या नावावर नोंदणी हेही करावे लागते. 15 वर्षांनंतर आरटीओत नोंदणीचे नूतनीकरण दर 5 वर्षांनी असते.

सगळ्याच गाड्या वाचवा असे माझे म्हणणे नाही. चेसिस गंजून गेली, इंजिन जाम झाले, कागद हरवले, आणि घरात कुणाला ती नको आहे, अशी गाडी जाऊ द्यावी. पण ती नोंदणीकृत स्क्रॅप केंद्राला द्या, प्रमाणपत्र घ्या आणि आरटीओत नोंदणी रद्द करा. नंबर जिवंत ठेवून किलोने विकलेली गाडी उद्या कुठे सापडली तर पोलीस तुमच्याच दारात येतील.

तेव्हा समितीला माझी नम्र सूचना अशी आहे. सर्वसाधारण सभेआधी एक महिना द्यावा. दर रविवारी सकाळी सात ते नऊ मी पार्किंगमध्ये बसेन. प्लग पाना, फिलर गेज, पॉलिश पेपर माझ्याकडे आहेत. ज्यांची गाडी बंद आहे त्यांनी ती ढकलत आणावी, घरातल्या मुला-मुलींना सोबत आणावे. जी सुरू होईल ती मालकाने चालती ठेवायची, नियमित जागेवर लावायची. जी होणार नाही, तिच्यासाठी स्क्रॅपचा फॉर्म भरायला मी मदत करीन. फॉर्म भरण्यात माझी हयात गेली आहे.

महिन्याच्या शेवटी जी यादी राहील ती मी स्वतः सचिवांच्या हाती देईन, आणि त्या यादीवर सभेने घेतलेला निर्णय मला मान्य असेल. येताना जुने कापड आणि पाण्याची बाटली आणा. चहा आमच्या घरून येईल.