सोळाव्या वर्षीची शाळा

(पालक आणि कार्यकर्ते यांच्या बैठकीत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पक्षाच्या कार्यालयात येणाऱ्या माणसांची कामे कार्यकर्त्यांना तोंडपाठ असतात. शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला, निराधार योजनेचा अडलेला हप्ता, रुग्णालयाचे बिल. या रांगेत अधूनमधून एक आई येते. तिच्याबरोबर मिसरूड फुटलेला मुलगा असतो आणि तो तिचा पदर धरून उभा असतो. तिला त्याच्यासाठी ‘एखादी शाळा’ हवी असते. कार्यकर्ता दोन फोन करतो, कुठल्याशा संस्थेचा पत्ता कागदावर लिहून देतो आणि पुढच्या माणसाकडे वळतो. त्याचा हेतू चांगलाच असतो. तथापि त्या मुलाची पुढची तीस-चाळीस वर्षे कशी जातील हे बऱ्याच अंशी त्या पत्त्यावर अवलंबून असते, याची कल्पना त्याला क्वचितच असते. अशी शाळा कशी शोधावी, कशावरून ओळखावी, आणि ती सापडत नसेल तर दोष कोणाचा, हा आजचा विषय आहे.

आरंभी शब्दांविषयी थोडे. ‘मतिमंद’ हा शब्द अजून अनेक संस्थांच्या नावांत आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ‘बौद्धिक अक्षमता’ ही संज्ञा स्वीकारली. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात वगैरे मिळून एकंदर २१ प्रकार या कायद्यात मोडतात. शब्द बदलल्याने माणसाची स्थिती बदलत नाही, हे खरेच. परंतु कायद्यातील व्याख्या मुद्दाम वाचण्यासारखी आहे. बौद्धिक अक्षमता म्हणजे आकलन व विचारशक्तीतील मर्यादा एवढेच तीत म्हटलेले नाही. रोजच्या, सामाजिक व व्यावहारिक कौशल्यांतील मर्यादाही तीत धरली आहे. यातली पहिली मर्यादा फारशी हलत नाही. दुसरी शिकवण्याने हलते आणि वय वाढले तरी हलत राहते. जीवनकौशल्याच्या शाळेचे सारे प्रयोजन या दुसऱ्या भागात आहे. बुद्ध्यांकाचा कागद पाहूनच ‘याचे काही होणार नाही’ असे सांगणाऱ्या डॉक्टराने किंवा मुख्याध्यापकाने व्याख्येचा अर्धाच भाग वाचलेला असतो.

याच कायद्याने ६ ते १८ वर्षे वयाच्या, ४० टक्के वा अधिक अक्षमता असलेल्या प्रत्येक मुलाला विनामूल्य शिक्षणाचा हक्क दिला आहे. आणि तोही शेजारच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, स्वतःच्या पसंतीने. ‘पसंती’ हा शब्द अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला थांबायला लावणारा आहे. पसंतीला निदान दोन गोष्टी समोर असाव्या लागतात. महाराष्ट्रातील पुष्कळ तालुक्यांत या मुलांसाठी एकही विशेष शाळा नाही. जिल्ह्याच्या गावी असेल ती पन्नास-साठ किलोमीटर दूर. शेजारच्या साध्या शाळेत मुलाचे नाव पटावर असते, पण सातवी-आठवीनंतर तो मागच्या बाकावर केवळ बसून असतो. बाजारात एकच वस्तू असताना गिऱ्हाइकाला ‘निवड’ असल्याचे सांगणे ही त्याची थट्टा होय.

मग आज ज्या चांगल्या शाळा दिसतात त्या कशा उभ्या राहिल्या? त्यांचा इतिहास बोलका आहे. मुंबईत १९४४ साली वकील दांपत्याने आपली मुलगी जय हिच्यासाठी शाळा काढली. तीच पुढची जय वकील शाळा. १९७२ साली मिथू अलूर यांनी मुंबईतच मेंदूच्या पक्षाघाताने बाधित मुलांसाठी संस्था सुरू केली, तीही स्वतःच्या मुलीच्या अनुभवातून. नाशिकला रजनी लिमये यांनी १९७७ साली प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले. त्याही अशाच एका मुलाच्या आई. त्यांच्या आधी पुण्यात १९६४ पासून कामायनी होती. या माणसांविषयी आदर बाळगावा तेवढा थोडा. परंतु त्यातून निघणारा अर्थही टाळता येत नाही. शासन बहुतेक ठिकाणी मागाहून आले आणि अनुदान देणारा म्हणून आले. ज्या गावात एखादी शिकलेली, खमकी, ओळखीपाळखी असलेली आई नव्हती, तिथे शाळा निघाली नाही. मुलाचा हक्क आईच्या कर्तबगारीवर अवलंबून ठेवणारी ही व्यवस्था आहे.

असो. समजा, जिल्ह्याच्या ठिकाणी दोन-तीन शाळा आहेत. त्यांतली बरोबर कोणती?

पालकांना प्रथम दाखवले जाते ते स्नेहसंमेलन. नाहीतर दिवाळीच्या पणत्या. या दोन्हींवरून काहीही कळत नाही. पाहायचे ते मंगळवारी सकाळी, न सांगता जाऊन. ज्या शाळेत पालकाला न सांगता येता येत नाही, तिच्याविषयी आणखी चौकशी करण्याचे कारण उरत नाही.

पहिला प्रश्न असा विचारावा की या मुलाला येत्या तीन महिन्यांत तुम्ही काय शिकवणार, ते लिहून दाखवाल का. चांगल्या शाळेत प्रत्येक मुलाची स्वतंत्र योजना कागदावर असते. ‘स्वावलंबन’ असा मोघम शब्द तीत नसतो. ‘शर्टाची बटणे स्वतः लावील’, ‘भूक लागली हे चित्र दाखवून सांगेल’, ‘चौकातल्या दुकानातून दूध आणील’ अशी वाक्ये असतात. ती लिहिण्याआधी शिक्षिका मुलाच्या घरी जाऊन आलेली असते, कारण चाळीतल्या सार्वजनिक नळाशी अंघोळ करणे आणि बंद न्हाणीघरात अंघोळ करणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत.

शिकवण्याची रीतही विचारावी. दात घासणे हे आपल्याला एक काम वाटते. शिक्षिकेने मोजली तर त्यात पंधरा-वीस पायऱ्या निघतात. काही मुलांना शेवटची पायरी आधी शिकवतात. विजार शिक्षिकेने गुडघ्यापर्यंत चढवून द्यायची आणि कमरेपर्यंत मुलाने ओढायची. म्हणजे काम पुरे केल्याचे समाधान पहिल्याच दिवशी त्याच्या वाट्याला येते. मग एकेक पायरी मागे सरकायचे. अमेरिकेतील मार्क गोल्ड या शिक्षणतज्ज्ञाने १९७० च्या दशकात तीव्र अक्षमतेचा शिक्का बसलेल्या माणसांना सायकलचा अनेक सुट्या भागांचा ब्रेक जोडायला शिकवून दाखवले. त्याचे सांगणे एवढेच की एका रीतीने येत नसेल तर रीत बदलून पाहा. आपल्याकडे मुलाला येत नाही असे दिसले की सहसा मुलगाच बदलला जातो, म्हणजे शाळेतून काढला जातो.

दुसरा प्रश्न, हे सारे कुठे शिकवता? वर्गात प्लास्टिकची नाणी बिनचूक ओळखणारा मुलगा वाण्याच्या दुकानात गोंधळतो. एका ठिकाणी शिकलेले दुसऱ्या ठिकाणी आपोआप पोचत नाही, हे या मुलांच्या शिक्षणातले सर्वांत कठीण स्थळ आहे. त्यामुळे बाजार बाजारात शिकवावा लागतो आणि एसटी एसटीत. शिवाय बाजारही बदलतो आहे. आता भाजीवालीसुद्धा मोबाइलवर पैसे घेते. नाण्यांच्या पाट्या घोकून घेणारी शाळा कोणत्या काळासाठी मुले तयार करते, हे तिने स्वतःलाच विचारावे. दिव्यांगांना एसटीच्या भाड्यात मोठी सवलत आहे. पण बस ओळखणे, योग्य थांब्यावर उतरणे आणि वाट चुकली तर पत्त्याचे कार्ड पुढे करणे हे कोणी शिकवलेच नसेल, तर ती सवलत कागदावर राहते.

तिसरी गोष्ट वयाची. सोळा वर्षांचा मुलगा बालवाडीतली बडबडगीते म्हणताना दिसला तर ती शाळा त्याच्यासाठी नव्हे. त्याची समज सहा वर्षांच्या मुलाइतकी आहे असे सांगून त्याचे समर्थन केले जाते. परंतु त्याचे शरीर सोळा वर्षांचे आहे, आणि त्याच्याकडे पाहणारे जगही त्याला सोळा वर्षांचाच समजते. कपडे कुठे बदलायचे, कोणाला मिठी मारायची आणि कोणाला नाही, कोणी नको तिथे हात लावला तर ‘नाही’ कसे म्हणायचे, हे त्याला आत्ताच शिकवले पाहिजे. सगळ्यांचे सगळे ऐकणारे मूल हे बहुतेक शाळांना आदर्श वाटते. वास्तविक सर्वांत अधिक धोका त्यालाच असतो.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो, हे महाराष्ट्राने १९९४ साली पाहिले आहे. शिरूर येथील शासकीय गृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये त्या वर्षी शस्त्रक्रियेने काढण्यात आली. त्यांना मासिक पाळीतील स्वच्छता राखता येत नाही, असे कारण देण्यात आले. स्त्री-संघटनांनी व अनेक नागरिकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. पाळीच्या दिवसांत घडी बदलणे हेही एक जीवनकौशल्यच आहे. त्याच्याही पायऱ्या करता येतात. अनेक मुली काही महिन्यांच्या धीराच्या शिकवणीने ते शिकतात, आणि ज्यांना पुरते जमत नाही त्यांना मदतनीस लागते. जिथे शिकवणारी माणसे नेमली नाहीत तिथे शस्त्र आले. तेव्हा मुलीसाठी शाळा पाहायला गेलेल्या आईने हा प्रश्न न लाजता विचारावा; उत्तर देताना समोरची बाई चाचरली नाही, तर शाळा विचारात घेण्यासारखी आहे.

कामाविषयी विचारताना हिशोब मागावा. पाकिटे, फायली, उटणे, पणत्या बनतात; त्या विकल्या जातात काय, आणि मुलाच्या हातात किती पडतात? वर्षानुवर्षे तेच मणी ओवायचे आणि संध्याकाळी सोडून ठेवायचे, असेही प्रकार चालतात. त्याला कोणी श्रम म्हणू नये. थोडे असेना, पण स्वतः मिळवलेल्या पैशातून घरी भजी घेऊन जाणाऱ्या मुलाकडे त्याची भावंडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात.

निवासी शाळेची निवड पुष्कळदा थकव्यातून होते. त्याबद्दल पालकांना बोल लावण्याचा अधिकार कोणालाही नाही. रात्र-रात्र जागणाऱ्या आईला उपदेश करणारे एखादी रात्र तिच्या घरी काढत नाहीत. एवढे मात्र पाहावे की सुटीत मुलगा घरी येताना काय शिकला याची चिठ्ठी बरोबर येते की नाही, आणि त्याला राग आला असता तिथे काय करतात. ‘कोंडून ठेवतो, मग शांत होतो’ असे उत्तर पुष्कळदा अगदी सहजपणे दिले जाते.

आता अठराव्या वर्षाकडे येऊ. विनामूल्य शिक्षणाचा कायदेशीर हक्क तिथे संपतो. पुढे कर्मशाळा आहेत, पण त्या थोड्या आणि त्यांच्या प्रतीक्षायाद्या लांब. प्रौढांसाठी मुळशी तालुक्यात कोळवण येथे साधना व्हिलेजसारखे निवासी समाज उभे राहिले, बदलापूरला पालकांनी एकत्र येऊन ‘आधार’ उभी केली. परंतु राज्याच्या गरजेपुढे त्या मोजक्याच जागा आहेत. म्हणून चौदा ते अठरा ही चार वर्षे फार मोलाची. शाळेला विचारावे की तुमच्याकडून गेल्या पाच वर्षांत बाहेर पडलेली मुले आज सकाळी काय करीत आहेत. याचे उत्तर ज्या शाळेजवळ आहे, ती शाळा बरोबर असण्याचा संभव मोठा. आणि एक कायदेशीर गोष्ट घरोघर सांगण्यासारखी आहे. मूल अठरा वर्षांचे झाले की आईबाप त्याचे आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावे लागते. ‘आमच्या माघारी काय?’ हा प्रश्न प्रत्येक आई विचारते. त्याच्या उत्तराचा एक कागद तरी या कचेरीत मिळतो.

अमर्त्य सेन यांनी १९७९ साली ‘समता कशाची?’ या व्याख्यानात अपंग माणसाचे उदाहरण घेतले होते. तेवढ्याच पैशात त्याला इतरांपेक्षा कमी करता येते, आणि उपयुक्ततेचा हिशोब मांडणारे त्याला उलट आणखी कमीच देतील. या कुटुंबांत तो फरक रिक्षाच्या भाड्यात दिसतो, आणि त्याहून अधिक आईच्या सुटलेल्या कामात. विडी कारखान्यातली किंवा धुण्याभांड्याची तिची मजुरी बुडते, ती कोणत्याही अंदाजपत्रकात खर्च म्हणून लिहिली जात नाही. शाळा परवडत नाही असे शासन म्हणते तेव्हा हा खर्च त्याने त्या आईच्या नावे टाकलेला असतो.

तेव्हा पत्ता लिहून देणाऱ्या कार्यकर्त्याने एक दिवस मोडून तिच्याबरोबर शाळेत जावे. तो बरोबर असला की तिच्या प्रश्नांना उत्तरे मिळतात, हा नेहमीचा अनुभव आहे. शाळाच नसेल तर मागण्या नेमक्या कराव्यात. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवण्याचा आदेश दिला. त्याप्रमाणे आपल्या तालुक्यात किती पदे मंजूर झाली आणि किती भरली, हे गटशिक्षणाधिकाऱ्याला लेखी विचारता येते. ग्रामपंचायत व नगरपालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी असा राज्याचा आदेश आहे. ती बहुधा मार्चअखेर घाईघाईने वस्तू किंवा धनादेश वाटून संपवली जाते, आणि त्याचे फोटो छापून येतात. आठ-दहा गावांनी तीच रक्कम एकत्र केली तर जिल्ह्याच्या शाळेपर्यंत मुलांना नेणारी एक गाडी आणि तीत बसणारी एक मदतनीस बाई ठेवता येईल काय, याचा हिशोब ग्रामसभेत मांडता येतो. शाळा जूनमध्ये उघडतात, म्हणजे तो ठराव जानेवारीच्या ग्रामसभेतच आला पाहिजे.