पंचावन्नाव्या वर्षी उदयास आलेली लेखिका

(संस्थेच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त वाचनालय विभागाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



तरुण वाचकांसाठी लिहिणाऱ्या एखाद्या नव्या लेखकाचा परिचय करून द्यावा, अशी आपली आज्ञा झाली. मी कापडाचा व्यापारी, शिक्षण बी.कॉम.पर्यंत, वाङ्मयावर बोलण्याचा माझा अधिकार तो काय! तथापि घरातील एका प्रसंगामुळे एक नाव माझ्याकडे आपण होऊन चालत आले, तेच आपल्यापुढे ठेवतो.

माझी नात बारावीत होती. परीक्षा तोंडावर असताना तिच्या उशाशी एक जाडजूड इंग्रजी कादंबरी दिसली. चाळली तो अमली पदार्थ, खून, पोलिसांचे खबरी! मी ते पुस्तक कपाटात ठेवून कुलूप घातले. मुलगी भांडली नाही. ‘आजोबा, कुलूप असू द्या, पण आधी तुम्ही वाचा,’ एवढेच म्हणाली. ज्या माणसाने चाळीस वर्षे गिऱ्हाइकाला ‘कापडाला हात लावून पाहा, मग बोला’ असे सांगितले, त्याच्यापाशी यावर उत्तर नव्हते. शब्दकोश उशाशी घेऊन तीन आठवडे वाचत बसलो.

लेखिकेचे नाव अँजेलिन बूली. अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या उत्तर भागात कॅनडाच्या सीमेला लागून ओजिब्वे या मूळ रहिवाशांची वस्ती आहे. त्या समाजाच्या सू सेंट मरी येथील जमातीच्या त्या नोंदणीकृत सदस्य. वडील ओजिब्वे, आई त्या समाजाबाहेरची. वॉशिंग्टनच्या शिक्षण खात्यात मूळ रहिवाशांच्या शिक्षणाचा विभाग आहे, त्याच्या त्या संचालक होत्या. पहिली कादंबरी ‘फायरकीपर्स डॉटर’, म्हणजे अग्निरक्षकाची लेक, २०२१ साली प्रसिद्ध झाली तेव्हा बाईंचे वय पंचावन्न होते. सभागृहातील माझ्या समवयस्कांनी हा आकडा ध्यानात ठेवावा!

कथेचे बीज मात्र अठराव्या वर्षीचे. एका मैत्रिणीने शाळेत आलेल्या नव्या मुलाविषयी सांगितले. पुढे कळले, की तो विद्यार्थी नसून अमली पदार्थांच्या तपासासाठी आलेला छुपा पोलीस होता. अशा माणसाला आपल्या मदतीची गरज पडली असती तर? हा प्रश्न त्यांनी पंचवीसहून अधिक वर्षे मनात सांभाळला, चव्वेचाळिसाव्या वर्षी लेखणी हाती घेतली आणि लेखनाला आणखी दहा वर्षे लागली. नोकरी आणि संसार चालूच होता.

कथानायिका डॉनिस अठरा वर्षांची, काळ २००४ सालचा. आई गोऱ्या, सधन घराण्यातील. वडिलांचे आडनाव फायरकीपर. जन्मदाखल्यावर वडिलांचे नाव नसल्याने जमातीच्या यादीत तिची नोंद नाही. दोन्ही घरांची असून दोन्हीकडे थोडी परकी. आजारी आजीसाठी तिने दूरच्या विद्यापीठात जाणे लांबणीवर टाकले आहे. तिच्या डोळ्यांदेखत जिवलग मैत्रिणीची हत्या होते. मारणारा नशेने पोखरलेला तिचाच पूर्वीचा मित्र. डॉनिसला रसायनशास्त्राची आणि परंपरागत औषधी वनस्पतींची जाण आहे, म्हणून तपास यंत्रणा तिची मदत मागते. येथे खरा पेच सुरू होतो. ज्या समाजाने मानावे म्हणून ती झुरते, त्याच समाजातील माणसांची खबर तिने बाहेरच्यांना द्यायची! सरकारला गुन्हेगार पकडण्याची घाई. नशेत बुडालेल्या पोरांचे काय, हा प्रश्न ती एकटी विचारत राहते. त्या पानांपाशी मी थबकलो. व्यसनाच्या गोष्टी आपल्या बैठकांत आपण किती हलक्या आवाजात बोलतो, हे मला आठवले.

पुस्तकात एक अत्याचाराचा प्रसंग आहे. तो वाचणे जड जाते, हे स्पष्ट सांगतो. पण तो उगाच आलेला नाही. १९७८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की जमातीच्या न्यायालयांना बाहेरच्या माणसावर फौजदारी खटला चालवता येणार नाही. जमातीच्या भूमीवर गुन्हा घडला तरी दाद मागायची कोठे? २०१३ साली कायद्याने घरगुती हिंसेपुरती काही वाट मोकळी केली. कथेतील काळ त्याच्या आधीचा आहे.

माझ्या तक्रारीही आहेत. हॉकीचा पसारा मला जरा अधिक वाटला, आणि प्रेमकथा घाईची. नातीचे मत नेमके उलट आहे. २०२२ साली तेथील ग्रंथालय संघाने तरुणांसाठीच्या उत्कृष्ट साहित्याचा प्रिंट्झ आणि पहिल्या पुस्तकासाठीचा मॉरिस, असे दोन्ही पुरस्कार या कादंबरीला दिले, तेव्हा परीक्षकांनाही माझी तक्रार मान्य नसावी!

दुसरी कादंबरी ‘वॉरियर गर्ल अनअर्थ्ड’ २०२३ ची. नायिका डॉनिसची सोळा वर्षांची भाची पेरी. गाडीच्या नुकसानीचे पैसे फेडण्यासाठी तिला उन्हाळ्यात जमातीच्या संग्रहालयात काम करावे लागते आणि तेथे तिला कळते, की पूर्वजांच्या अस्थी व वस्तू विद्यापीठांच्या कपाटांत क्रमांक लावून ठेवल्या आहेत. त्या परत करण्याचा कायदा १९९० सालीच झाला, तरी अस्थी परतलेल्या नाहीत. पूर्वजांचे अवशेष पुठ्ठ्याच्या खोक्यात! माझ्याने एका बैठकीत पुढे वाचवेना. २०२५ मध्ये आलेली तिसरी, ‘सिस्टर्स इन द विंड’, परक्या घरी वाढलेल्या मुलीची आहे.

ही पुस्तके वाचनालयात ठेवावीत का, यावर आपल्या समितीत दोन मते आहेत, ती मला ठाऊक आहेत. विरोध करणाऱ्यांचा हेतू निर्मळ आहे. कुलूप मीही घातले होते. माझी विनंती एवढीच, की अकरावीच्या पुढच्यांनाच ती द्यावीत, आणि समितीतील प्रत्येकाने मत देण्यापूर्वी पहिली कादंबरी स्वतः वाचावी. त्यासाठी पहिल्या दोन पुस्तकांच्या प्रती आज अध्यक्षांच्या हाती देत आहे. तिसरी नातीकडे आहे. तिची वाचून झाली, की माझा क्रमांक.