दैवाची दुकानदारी

अंधश्रद्धा हा अज्ञानाचा अवशेष असून शिक्षणाच्या प्रसाराबरोबर तो आपोआप नाहीसा होईल, असे पुरोगामी चळवळीतील अनेकांनी दीर्घकाळ गृहीत धरले. प्रत्यक्षात शिक्षण वाढले आणि दैवाची बाजारपेठही वाढली. गावचा भगत कोंबडे-नारळावर भागवीत असे. आज दूरचित्रवाणीवर यंत्रे विकली जातात आणि मोबाइलवर ज्योतिषाचा सल्ला मिनिटांच्या हिशेबाने मिळतो.

या व्यापाराचे अर्थशास्त्र विक्रेत्याला मोठे सोयीचे आहे. नवी छत्री गळली तर ग्राहक ती दुकानदाराच्या पुढ्यात आणून टाकतो. यंत्र फळले नाही तर दोष यंत्राचा नसतो. ग्राहकाची श्रद्धा उणी पडलेली असते, मुहूर्त चुकलेला असतो, किंवा आणखी एक शांती, अर्थातच अधिक खर्चाची, राहून गेलेली असते. मालाचे अपयश हेच पुढच्या विक्रीचे निमित्त व्हावे, असा धंदा दुसरा शोधावा लागेल!

जयंत नारळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात हुशार आणि मतिमंद अशा २०० मुलांच्या पत्रिका वापरून ज्योतिषांची परीक्षा घेतली. उत्तरे पाठविणाऱ्या २७ ज्योतिषांचे सरासरी यश ४६ टक्के निघाले. नाणे उडवूनही निम्मी उत्तरे बरोबर आली असती. परंतु ज्योतिषाचा बाजारभाव त्यामुळे उतरला नाही. ग्राहक भाकीत विकत घेतच नाही, तो धीर विकत घेतो. पुढच्या महिन्यात काम राहील की नाही हे ठाऊक नसलेल्या कंत्राटी कामगाराला, पावसाच्या भरवशावर कर्ज काढणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला, तो धीर देणारी दुसरी व्यवस्था कोठे आहे? (वास्तुशास्त्रज्ञाला मोटार पाठविणाऱ्या धनिकाची गोष्ट निराळी, त्याला मिळालेले टिकवायचे असते.)

नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली, त्यानंतर जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने कायदा संमत केला. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, यंत्रांत अलौकिक शक्ती असल्याचा दावा करणाऱ्या दूरचित्रवाणीवरील जाहिराती याच कायद्याखाली बेकायदा ठरविल्या. पोलीस ठाण्यांच्या हद्दीसाठी दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूदही कायद्यात आहे. मात्र उसनवारी करून यंत्र घेतलेला माणूस ठाण्याची पायरी सहसा चढत नाही. पैसे गेल्याच्या दुःखापेक्षा हसे होण्याची भीती त्याला अधिक असते. त्याला हसणारे कार्यकर्ते वस्तीत पुष्कळ येऊन गेले. त्याच्याबरोबर तक्रार लिहायला बसणारे थोडे.