शिल्लक कोणाच्या घरची?
(आकाशवाणीवरून प्रसारित झालेले भाषण)

आमच्या पिंगुळीत काय, शेजारच्या कुडाळात काय, ग्रामसभेत खर्चाचा विषय निघाला की मागच्या रांगेतून एक वाक्य हमखास ऐकू येतं : "आमी खंय कर भरतंव? भरतत ते इचारतीत." बोलणारा बहुधा मजुरी करणारा असतो, नाहीतर एखादी मासे विकणारी बाई. आयकर भरणारे तेवढेच करदाते, बाकीचे सरकारच्या पंगतीला फुकट बसलेले, असं या माणसांना कुणी पढवलं असेल ते असो. ही समजूत साफ खोटी आहे, आणि मला मिळालेली मिनिटं मी तिच्यावरच खर्च करणार आहे.

त्यासाठी सव्वाशे वर्षं मागं जाऊ. २६ मार्च १९०२. कलकत्त्यात व्हाइसरॉयचं कायदेमंडळ भरलं होतं. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन, अर्थखातं सर एडवर्ड लॉ यांच्याकडे. खजिन्यात सात कोटी रुपयांच्या आसपास शिल्लक पडली होती, म्हणून अभिनंदनाची भाषणं चालली होती. गोपाळ कृष्ण गोखले बोलायला उठले. गुहागरजवळच्या कोतळूकचा जन्म, वय पस्तीस, या मंडळातलं अर्थसंकल्पावरचं पहिलंच भाषण. त्यांनी सांगितलं की या अभिनंदनात मला मनापासून सामील होता येत नाही. देशात दुष्काळ, प्लेग, शेतकरी कर्जात. अशा वेळी खजिन्यात एवढी रक्कम उरते, ती गरजेपेक्षा जास्त कर घेतल्याशिवाय उरेलच कशी?

आता हे आपल्या वाडीच्या सप्त्यावर घालून बघा. चुलीमागं दोन पायली तांदूळ अशी वर्गणी ठरली. सप्ता झाला, महाप्रसाद झाला, आणि हिशेब वाचताना खजिनदार म्हणाला, पन्नास पायली उरले. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात एकानं उठून विचारलं, "बाबानो, यंदा पावसानं घात केला. चार घरांत दोन वेळची पेज शिजत नाही. हे उरलेले तांदूळ कोणाच्या टोपलीतले?" गोखल्यांचा प्रश्न नेमका हा होता. खजिनदार चोर आहे असं त्यात कुठंही नाही. हिशेब चोख असेल. पण चोख हिशेब म्हणजे न्याय्य वर्गणी नव्हे.

पुढचा मुद्दा थोडा अवघड आहे, पण सोडवत नाही. १८९३ साली सरकारनं टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या आणि रुपयाचा भाव चढवत नेऊन एक शिलिंग चार पेन्सांवर आणला. विलायतेला पौंडांत पाठवायची जी रक्कम होती, तिला आता कमी रुपये लागू लागले. सरकारचा फायदा झाला. शेतसाऱ्याचा आकडा मात्र तोच राहिला, आणि रुपया महाग झाला म्हणजे तो मिळवायला शेतकऱ्याला जास्त धान्य विकावं लागणार. सप्त्यात बोलायचं तर वर्गणी दोनच पायली, पण मोजायची पायलीच मोठी करून आणली. कागदावर काहीच वाढलेलं नाही, पण टोपली रिकामी झाली. गोखल्यांनी हे सगळं सरकारच्याच छापील आकड्यांतून मांडलं.

आणि मग मीठ. मणामागं कर किती? अडीच रुपये. १८८८ साली दोनाचा अडीच केलेला. मीठ पिकवायचा खर्च त्या करापुढं क्षुल्लक होता. खुद्द कर्झनसाहेबांच्या अंदाजानं त्या वेळी माणशी उत्पन्न वर्षाला तीस रुपये. दिवाणसाहेबांच्या वाड्यातला माणूस मीठ जास्त खात नाही आणि गडी कमी खाऊन जगत नाही. उलट घाम गाळणाऱ्यालाच ते जास्त लागतं. म्हणजे वाड्याला आणि खोपटाला एकच वर्गणी. आणि ही वर्गणी मागायला कुणी दारात येत नाही. ती मिठाच्या किमतीत मिसळलेली. तो गडीही तेव्हा म्हणत असेल, आमी खंय कर भरतंव?

इथं परत सांगतो, कारण हेच निसटतं : न दिसणारा करसुद्धा कर असतो, आणि तो भरणारा माणूस करदाता असतो.

१९०३ साली मिठाचा कर दोन रुपयांवर आला, १९०५ साली दीड, १९०७ साली एक. आयकरातून सूट मिळायची ती वार्षिक पाचशे रुपयांची मर्यादाही १९०३ साली हजारावर गेली. एका भाषणानं हे झालं असं मी म्हणणार नाही. पण गोखले दर वर्षी उठत, आदल्या वर्षीचे आकडे पुढं ठेवत, कर उतरल्यावर मिठाचा खप कसा वाढला ते दाखवत आणि आणखी उतरवा म्हणत. आणि हे करताना हाती अधिकार किती होता? १८९२ च्या कायद्यानं सभासदांना अंदाजपत्रकावर बोलता येई, प्रश्न विचारता येई. मत देता येत नव्हतं. उपप्रश्नाचा हक्कही १९०९ नंतरचा. 'मवाळ' असा शिक्का मारून आपण या माणसाला फोटोत बसवलं, याचं मला वाईट वाटतं. त्यांची ती भाषणं वाचायला कोणाची मनाई आहे?

त्या आकड्यांमागं आणखी एक माणूस होता, गणेश व्यंकटेश जोशी. सोलापूरच्या शाळेचे हेडमास्तर. सरकारी अहवाल घेऊन बसायचं, रकाने जुळवायचे, बेरजा तपासायच्या, हा त्यांचा नाद. १८९७ साली गोखले हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढं साक्ष द्यायला विलायतेला गेले तेव्हाही आणि या १९०२ च्या भाषणालाही जोशी मास्तरांची मदत होती. सिंधुदुर्गातले गुरुजी ऐकत असतील तर माझं हे सांगणं खास त्यांच्यासाठी आहे. आमदार-खासदारानं चांगला प्रश्न विचारावा असं वाटत असेल, तर त्याच्या हाती चांगला कागद देणारं कोणीतरी गावात लागतं.

मिठाची गोष्ट तिथं संपली नाही. १९२३ साली कायदेमंडळानं नकार दिला असतानाही व्हाइसरॉयनं स्वतःच्या अधिकारात कर दुप्पट केला. पुढं १९३० च्या मे महिन्यात आपल्या शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, लोकांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. कलकत्त्यात जो प्रश्न आकड्यांत विचारला होता तोच इथं मूठभर मीठ उचलून विचारला गेला. शेवटी १९४७ साली तो कर गेला.

आयकराच्या मर्यादेचं म्हणाल तर, आपल्या तेव्हाच्या राजापूर मतदारसंघानं देशाला अर्थमंत्रीही दिला आहे. प्राध्यापक मधू दंडवते यांनी १९९० च्या अर्थसंकल्पात आयकराची मर्यादा अठरा हजारांवरून बावीस हजारांवर नेली आणि ज्या सुवर्ण नियंत्रण कायद्यानं गावोगावच्या सोनारांना जेरीला आणलं होतं तो रद्द करायची घोषणा केली. त्यांच्यावर खरं तर वेगळं भाषण हवं. आज घड्याळ पुढं पळतंय.

तर आजचं बघू. मिठावर जीएसटी नाही, हे चांगलंच आहे. पण अंगाच्या साबणाची वडी घ्या. २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत तिच्यावर अठरा टक्के कर होता, मग तो पाच टक्क्यांवर आला. म्हणजे जीएसटी सुरू झाला त्या २०१७ सालापासून अंग धुणारी प्रत्येक आजी करदाती आहे. मोबाइलचा रिचार्ज, स्कूटरचं पेट्रोल, पत्र्याचा खिळा, सगळ्यांत कर आहे. आमच्या पिंगुळीच्या गुढीपुरातला ठाकर कलावंत चित्रकथीसाठी रंगाची बाटली घेतो तेव्हा तोही भरतो. वर्गणीचा डबा दारोदार फिरायचा थांबला, तो दुकानाच्या गल्ल्यात जाऊन बसला, एवढाच फरक. आणि गल्ल्यातला डबा डॉक्टरचं उत्पन्न विचारत नाही, तसंच गवंड्याचंही विचारत नाही. काही वस्तूंना माफी असते, काहींना जादा दर असतो, त्यानं थोडं सावरतं. पण ज्याची सगळी मिळकत महिनाअखेर दुकानातच संपते, त्याच्या मिळकतीवर या कराचा भार जास्त पडतो. हे नीट आकड्यांनी दाखवायला आणखी पाच मिनिटं लागतील, ती माझ्याकडे नाहीत.

मागच्या रांगेतल्या माझ्या भावांनो, बायांनो, थोडं रागावून बोलतो, मनावर घेऊ नका. तुम्ही गप्प बसता म्हणून पुढच्या रांगेतले चौघे सगळं ठरवून मोकळे होतात. तुम्ही कर भरता. रोज भरता. न भरणारे म्हणून मान खाली घालून बसू नका. आणि ज्यांच्याकडे आयकराची पावती आहे त्यांनी ती मिरवून शेजाऱ्याचं तोंड बंद करू नये, हेही सांगतो.

यंदा ग्रामसभेची नोटीस लागली की ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे नमुना एक मागा. पंचायतीचं अंदाजपत्रक त्यातच असतं. वाचता येत नसेल तर शाळेतल्या नातवाला शेजारी बसवा. घरपट्टी किती धरली, वसूल किती झाली, वित्त आयोगाचे किती आले, ते कशाला लावले, हे त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या. मोठी शिल्लक दिसली तर लगेच टाळी वाजवू नका. कुठलं काम राहिलं म्हणून ती उरली, आणि कोणाकडून जास्त घेतलं म्हणून उरली, हे दोन प्रश्न उभं राहून विचारा. उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.