वीस सेकंदांची मंडई



संध्याकाळी फोटो काढायला निघालो की मी कॅमेरा, ट्रायपॉड आणि एक रिकामी कापडी पिशवी घेतो. पुण्याच्या मंडईत पोचल्यावर त्या पिशवीत दोन किलो बटाटे भरायचे आणि ती ट्रायपॉडच्या मधल्या दांडीला अडकवायची. वजन पडलं की ट्रायपॉड हलत नाही. पहिल्यांदा हे केलं तेव्हा बटाटेवाल्या मावशी म्हणाल्या, “दादा, खायला नेताय का टांगायला?” म्हटलं, दोन्हीला.

एवढी तजवीज कशाला, तर अंधारातला फोटो पापणी लवायच्या आत निघत नाही. भर उन्हात शटर सेकंदाच्या दोनशेव्या हिश्श्यापुरतं उघडलं तरी पुरतं. दिवे लागल्यावर ते दहा, वीस, कधी तीस सेकंद उघडं ठेवावं लागतं. फ्लॅश मारून उपयोग नाही. त्याचा उजेड चार पावलांवर संपतो, मंडईच्या मनोऱ्यापर्यंत कुठला जायला! आयएसओ १००, ॲपर्चर एफ ८, आणि बटण दाबल्यावर दोन सेकंदांनी शटर उघडेल असा टायमर, कारण बोटाचा धक्कासुद्धा फोटोत दिसतो. एकदा हे सगळं करूनही घरी येऊन पाहतो तर एकूण एक फोटो हललेला. गळ्यात अडकवायचा पट्टा मी कॅमेऱ्याला तसाच लोंबकळत ठेवला होता आणि तो वाऱ्यावर फडफडत होता. बटाट्यांची भाजी मात्र चांगली झाली.

मंडईची इमारत मोठी हट्टी आहे. काळा दगड उजेड पिऊन टाकतो. दगड दिसावा म्हणून शटर जास्त वेळ उघडं ठेवलं, तर दुकानांवरच्या दिव्यांचे पांढरे गोळे होतात. दिवे सांभाळावेत, तर दगड काजळीसारखा. म्हणून सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी, आभाळात गडद निळा उजेड शिल्लक असतानाच उरकायचं. त्या निळ्यावर मधला अष्टकोनी मनोरा कोरून काढल्यासारखा उभा राहतो.

शटर उघडं असताना आपल्याला काहीच काम नसतं. मग डोक्यात काहीबाही येतं. १८८६ साली ही मंडई सुरू झाली ती रे मार्केट या नावानं, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून. जोतीराव फुले तेव्हाच्या नगरपालिकेत सभासद असताना त्यांनी या बांधकामावरच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. आणि पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं मंडईला नाव मिळालं, ते फुल्यांचंच! एवढं आठवेपर्यंत वीस सेकंद होतात.

आता खरी गंमत. या वेळेला मंडईत पाय ठेवायला जागा नसते, आणि फोटोत शुकशुकाट. जो चालता राहिला तो उमटतच नाही. स्कूटरची फक्त दिव्याची रेघ उरते, स्कूटरवाला गायब. पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचा दागेरनं १८३८ मध्ये घेतलेला फोटो प्रसिद्ध आहे. तो भर दिवसाचा, पण तेव्हाच्या प्लेटला काही मिनिटं लागत. अख्खा रस्ता रिकामा आणि कोपऱ्यात एकच गृहस्थ स्पष्ट, कारण ते बुटाला पॉलिश करून घेत थांबले होते. माझ्या फोटोत तसे एक आजोबा आहेत. गवती चहाच्या जुड्यांमागे बसून डुलकी काढताहेत. मिशीचा केस न् केस मोजून घ्या.

त्या दिवशी एक चहावाला पोरगा मागून डोकावला. किटली घेऊन तो तीनदा कॅमेऱ्यासमोरून गेला होता. पडद्यावर बघून म्हणाला, “यात मी कुठाय?” म्हटलं, नाहीस. “मग थांबतो की!” भिंतीला पाठ लावून, किटली दोन्ही हातांत धरून तो श्वास रोखून उभा राहिला. मी शटर उघडलं. बारा-तेरा सेकंद झाले असतील, तेवढ्यात आतून कुणीतरी ओरडलं, “ए, दोन कटिंग!” आणि तो पळाला.

फोटोत तो आहे. किटली आहे, हसू आहे, आणि त्याच्या सदऱ्यातून आरपार मंडईचा दगड दिसतो आहे.