गोलफलकात न दिसणारी मधली फळी

पुण्यात भरलेल्या या क्रीडालेखन परिषदेच्या अध्यक्षपदावरून जो विषय मांडावयाचा आहे, तो कनिष्ठ महिला हॉकीचा आहे. कनिष्ठ म्हणजे 21 वर्षांखालील, शालेय खेळ संपून वरिष्ठ संघाचे दार अद्याप न उघडलेला असा तो वयोगट असून खेळाडू घडते ती याच अवधीत. मराठी क्रीडालेखन मात्र याच अवधीकडे पाठ फिरवून उभे आहे.

जपानमधील काकामिगाहारा येथे 11 जून 2023 रोजी भारताने अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला 2-1 असे नमवून कनिष्ठ महिला आशिया चषक प्रथमच जिंकला. पहिला गोल अन्नूने पेनल्टी स्ट्रोकवर, म्हणजे समोर केवळ गोलरक्षक असताना ठरावीक बिंदूवरून मिळणाऱ्या फटक्यावर केला. कोरियाने लगेच बरोबरी साधली, आणि तिसऱ्या सत्रात नीलमने पेनल्टी कॉर्नरवर, म्हणजे मैदानाच्या मागील रेषेवरून बाहेर ढकललेला चेंडू वर्तुळाच्या कडेला अडवून गोलाकडे मारण्याच्या संधीवर, विजयी गोल नोंदवला. गोलफलकावर उरली ती ही दोन नावे. त्याच संघात वैष्णवी विठ्ठल फाळके, ऋतुजा दादासो पिसाळ आणि मनश्री नरेंद्र शेडगे या महाराष्ट्राच्या तीन मुली होत्या आणि तिघींचीही निवड मधल्या फळीत झाली होती.

मधल्या फळीचे काम असे आहे की ते उत्तम झाले तर दिसत नाही. पाणी मारलेल्या टर्फवर चेंडू सरपटत वेगाने येतो. तो काठीला लागण्यापूर्वीच खेळाडूने मान वळवून मागे कोण आहे हे पाहिलेले असावे लागते, आणि चेंडू घेतानाच शरीर अर्धे वळलेले असावे लागते, कारण सरळ उभे राहून चेंडू थांबवला की प्रतिस्पर्धी अंगावर आलाच. हे कौशल्य आकड्यांत मोजले जात नाही. ते पाहून लिहावे लागते, आणि पाहून लिहिणारा वार्ताहर कनिष्ठ स्पर्धेला क्वचितच पाठवला जातो.

या मुली घडतात कोठे, हेही पाहायला हवे. पुण्याची जुनी हॉकी लष्कर, खडकीचा दारूगोळा कारखाना, रेल्वे आणि मिशनच्या शाळा यांच्या आश्रयाने वाढली. 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये महिला हॉकीचा प्रथमच समावेश झाला तेव्हा भारताच्या संघात असलेल्या आणि 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाचे नेतृत्व करणाऱ्या एलिझा नेल्सन पुण्यातच जन्मल्या. आजची वाट निराळी आहे. वैष्णवी फलटण तालुक्यातील आसू गावची. 2022 मध्ये पोचेफस्ट्रूमला झालेल्या कनिष्ठ विश्वचषकात चौथे स्थान मिळवणाऱ्या भारतीय संघातील अक्षता आबासो ढेकळे त्याच तालुक्यातील वाखरीची. दोघीही शेतकरी कुटुंबातल्या आणि दोघीही राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेल्या. प्रबोधिनी ही निवासी प्रशिक्षणाची योजना असून तिच्यासाठी मुलींची निवड 30 मीटर धावणे, उभी उडी, मेडिसिन बॉल फेक, 800 मीटर धावणे अशा चाचण्यांवर होते. म्हणजे ज्या मुलीने हॉकीची काठी कधी हातात धरलेली नाही, तीही केवळ अंगातल्या चपळाईवर प्रबोधिनीच्या बालेवाडी येथील केंद्रापर्यंत पोहोचू शकते. एखाद्या शासकीय योजनेने एका तालुक्याच्या मुलींसाठी इतके करावे, ही गोष्ट महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी आहे, आणि ती पुरेशी सांगितली गेलेली नाही याची खंत येथे नोंदवणे भाग आहे.

वैष्णवीला वरिष्ठ संघात स्थान मिळाले आणि हांगझोऊ आशियाई स्पर्धेच्या कांस्यपदकात तिचा वाटा राहिला. परंतु कनिष्ठ संघातील सर्वांनाच वर जागा मिळणे शक्य नसते. एकविसावे वर्ष उलटले की मुलीपुढे नोकरी, शिक्षण आणि घरच्यांची लग्नाची घाई हे तिन्ही प्रश्न एकदमच उभे राहतात, आणि त्या वेळी तिच्या खेळाची लेखी नोंद हाताशी असणे ही चैन नसून तिची गरज असते. कारण नोकरीच्या अर्जाला गोलांची संख्या जोडता येते, अडवलेल्या चेंडूंची नाही.

म्हणून या परिषदेने दोन कामे अंगावर घ्यावीत. प्रबोधिनीतून राष्ट्रीय कनिष्ठ संघात गेलेल्या प्रत्येक मुलीची सविस्तर मराठी मुलाखत तिचे वय 21 होण्याआधी घेतली जावी. आणि पुढील कनिष्ठ आशिया चषकाला किमान एक मराठी वार्ताहर प्रत्यक्ष मैदानावर असावा, ज्याने गोल कोणी केला याच्या आधी चेंडू कोणी हिरावला हे लिहावे.